आठ बोटं उंच

ट्रकखाली माणूस जातो तो दुरुस्तीला. पाठीवर निजून, तोंडावर ऑइलचे थेंब झेलत. माझं अर्धं आयुष्य असं आभाळाच्या जागी चेसिस पाहण्यात गेलं आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण धडधाकट माणसं आपण होऊन, पळत येऊन कलंडणाऱ्या ट्रकखाली शिरताना मी एकदाच पाहिली. लोक विचारतात, मिस्त्री, तुमच्या हातचं सगळ्यात अवघड काम कोणतं? मी दोन-चार इंजिनांच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेतो. खरं उत्तर आज लिहितो.

माझं गॅरेज मंगरूळपीरला, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, एक कडुनिंब आणि जमिनीत खणलेला खड्डा. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचा सगळा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं टाकून दिलेल्या जीपगाड्या आणि ट्रक लिलावात निघत. ज्याच्या घरी चार बैलजोड्या आहेत त्यालाही वाटे, आपल्या दारात एक मोटर पाहिजे. मोटर घेणाऱ्याला तिच्याबद्दल काहीएक माहीत नसे. एका पाटलांनी दृष्ट लागू नये म्हणून जीपच्या जाळीपुढे काळं घोंगडं बांधून टाकलं होतं आणि "पानी कायले उकळते?" म्हणून माझ्याशीच भांडायला आले. घोंगडं सोडलं तर पाणी उकळणं थांबलं, पण पाटील नाराज. मग रेडिएटरला वारा लागेल अशा बेतानं, बंपरच्या कोपऱ्यावर एक फाटकं पायताण बांधून दिलं, तेव्हा कुठे ते हसले. या धंद्यात गाडीबरोबर गाडीवाल्याचीही दुरुस्ती करावी लागते.

किसन रिठद गावचा. घरची शेती होती, पण लढाईच्या दिवसांत तो लष्करात ड्रायव्हर म्हणून गेला आणि थेट ब्रह्मदेशाच्या बाजूला ट्रक चालवून आला. गेला तेव्हा पोळ्याला बैलांपुढे नाचणारा पोरगा होता म्हणे. आला तो गप्प. लढाईत काय पाहिलं असं कोणी विचारलं, की म्हणे, "पाऊस लय होता." बस, एवढंच. दुसरा शब्द नाही. माझ्या गॅरेजात त्यानं तीन-चार महिने मुक्काम ठोकला, पण माझ्याशीही त्यापलीकडे बोलला नाही.

त्यानं लिलावात घेतलेला ट्रक कित्येक वर्षं उघड्यावर पडून होता, सुरूच होईना. दोन बैलजोड्या जुंपून त्यानं तो ओढत माझ्या दारात आणला. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते असा ट्रक मी तोवर जवळून पाहिला नव्हता. साध्या ट्रकची मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती वाट दाखवतात. याची चारही चाकं कामाला लागत. मी हरखून बॉनेट उघडलं, हवेच्या गाळणीचा डबा काढला, आणि किंचाळून खड्ड्याच्या काठापर्यंत मागे गेलो. डब्यात सापाची अख्खी कात. किसननं ती दोन बोटांनी उचलली, घडी घातली, कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली.

"गेला तो घर सोडून," म्हणाला. "तुमी करा तुमचं काम."

इंजिन गंजून जाम झालं होतं. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवायचं, रोज पुढून हँडल घालून थोडं हलवून पाहायचं, जबरदस्ती करायची नाही. एके दिवशी हँडल बोटभर फिरलं. त्या दिवशी किसन पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. पुढे व्हॉल्व्ह घासले, ब्रेकची रबरं बदलली, मागच्या हौद्याच्या सडक्या फळ्या काढून सागवानी घातल्या. हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी असतात, त्यांची बुडं मी स्वतः पट्ट्या ठोकून हौद्याच्या लोखंडी चौकटीशी रिव्हेटनं जखडली. हे रिव्हेट वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावे.

एवढं झालं आणि किसन म्हणाला, "आता हिले उंच करा लागते."

"किती?"

त्यानं पंजा ताणून दाखवला. अख्खी वीत.

"येडे झाले काय तुमी?"

"मायले पोहरादेवीले न्यायचं हाय," तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच, सलग चार-पाच वाक्यं बोलला.

तो लढाईत असताना त्याच्या आईनं, यमुनामायनं, पोहरादेवीच्या देवीला नवस बोलला होता. पोरगं जिवंत येऊ दे, त्याला घेऊन तुझी ओटी भरायला येईन. पोरगं आलं. पण नवस फेडायला निघायच्या आधीच माय बैलगाडीतून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासून ती बाजेवरच. बैलगाडीत घालून पाहिलं, तर पहिल्याच हिसक्याला बेशुद्ध झाली. नवस अंगावर ठेवून मरायचं नाही, एवढंच ती म्हणत राही. आणि पोहरादेवीच्या वाटेवर मानोरा गावापुढे तेव्हा धड सडक नव्हती.

उंच कशाला करायचं ते सांगतो. आमच्याकडची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात बैलगाड्या जाऊन जाऊन चाकोऱ्या गुडघाभर खोल पडतात आणि उन्हाळ्यात तशाच वाळून दगड होतात. ट्रकची चाकं त्या चाकोरीत उतरली की मधला उंचवटा पोटाला टेकतो आणि चाकं अधांतरी फिरत राहतात. म्हणून पुढे कमानपाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, जास्तीचे पाटे भरायचे, आणि मागे पाटा आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालून वरून लांब बोल्टांनी आवळायचं. गाडी तेवढी वर उचलली जाते. मी बाभळीचे ठोकळे करून घेतले, लोखंडी पट्टीनं बांधले. पण उंचीची किंमत असते. डोक्यावर एक हंडा घेतलेली बाई आणि तीन हंडे घेतलेली बाई, दोघी एकाच वाटेनं जात असल्या तरी ठेच कोणाला महाग पडेल ते सांगायला नको.

घासाघीस करून वितीऐवजी आठ बोटांवर आलो. तेही मला जास्तच वाटत होतं. मी म्हणालो, "किसनभाऊ, सपाटीवर काई नाई. पन एका अंगाले कलली, तं सावरनार नाई."

"तुमी बरोबर या," तो म्हणाला. "पुढं चाला, मले हात दाखवा. तुमी म्हनसान तसं चालवतो."

हिसके बसू नयेत म्हणून मायची बाज त्यानं हौद्यातल्या कमानींना दोरांनी टांगली. पाळण्यासारखी. ट्रक कितीही आपटला तरी माय हवेत. ती युक्ती पाहून मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

चैत्रात जत्रेच्या दिवशी आम्ही निघालो. मायला एकटीला कशी न्यायची, म्हणून रिठदची दहा-पंधरा माणसं आणि तितक्याच बायका हौद्यात भरल्या होत्या. मंगरूळला मी चढलो. मानोऱ्यापर्यंत तर लग्नाची वरात असावी तशी मजा चालली होती. पुढे कच्ची वाट सुरू झाली आणि ट्रकनं आपली जात दाखवली. ज्या चाकोऱ्यांत गाडीवान बैलांना शिव्या घालत होते, तिथून आम्ही डुलत डुलत पुढे. जत्रेच्या बैलगाड्या बाजूला होऊन वाट देत आणि लोक तोंडात बोट घालून बघत. मला वाटलं, आपण काहीतरी केलं बुवा.

मग तो नाला आला.

नाला कोरडाच होता. वाट उजव्या हाताच्या दरडीला चिकटून तिरकी खाली उतरत होती आणि डावीकडे पुरुषभर खोल पात्र. रिवाजाप्रमाणे बायका उतरून पायी पुढे गेल्या. पुरुषांनीही उतरायचं असतं, पण ते बसून राहिले. चारी चाकं ओढतात ना, मग कायले उतरायचं! मी ट्रकच्या पुढे, किसनकडे तोंड करून उलटा चालत, हातानं खुणा करत होतो. उजवीकडे घे. अजून घे. सावकाश.

डाव्या चाकांखालचा काठ सुटला. आवाज फार झाला नाही, ढेकळं घरंगळावीत तेवढाच. आणि माझ्या डोळ्यांसमोर ट्रक डावीकडे झुकायला लागला. उजवं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मला चाकाखालून पलीकडची दरड दिसली. आत टांगलेली बाज मायसकट डावीकडे झुलली आणि फळीवर धाडकन आदळली. मी सांगतो, माझे हात तसेच वर राहिले, खूण करायला उचललेले.

आणि तेवढ्यात उड्या पडल्या.

आमच्याकडचा माणूस बैलगाडीत वाढलेला. गाडी कलली की तो विचार करत बसत नाही. ज्या अंगाला कलली त्याच अंगाला उडी मारतो आणि खांदा लावून तिला सावरून धरतो. पाच वर्षांचा असल्यापासून त्यानं बापाला हेच करताना पाहिलेलं असतं. बैलगाडीला ते ठीक आहे. पण हा ट्रक होता. आणि ती सगळीच्या सगळी माणसं डावीकडे, त्या सुटलेल्या काठावर आणि पात्रात उड्या मारून, हौद्याखाली खांदे लावून उभी राहिली. धोतरं खोचलेली, पाय ढेकळांत रोवलेले. त्यांच्या डोक्यावर लोखंडाचा तो डोंगर. तो खाली आला असता तर एकाचीही ओळख पटली नसती.

ट्रक थांबला. तिथेच, तसाच, कललेला. मी आजही शपथेवर सांगेन की तो पडणार होता. पण वस्तू तोलावर आली असेल, अगदी पडायच्या काठावर, तर थोडक्या जोरानंही ती अडून राहते. तो थोडका जोर म्हणजे ती माणसं. ती बाजूला झाली असती तर ट्रक गेला असता. आणि ट्रक आणखी चार बोटं कलला असता तर ती गेली असती.

किसन उजवीकडे, उचललेल्या बाजूला, स्टिअरिंगवर होता. त्याला उडी मारणं सोपं होतं. तो हलला नाही. त्यानं इंजिन बंद केलं. त्याला डाव्या अंगाचं दिसत नव्हतं.

"मिस्त्री, खालतं कोन हाय?"

"सगळे," मी म्हणालो. "सगळे खांदे लावून उभे हायेत."

त्यानं मान वळवून मागच्या जाळीतून हौद्यात पाहिलं. तिथे त्याची आई होती. मग तो पुढे वळला आणि असा ओरडला, की दरडीवरची पाखरं उडाली.

"सोडा! बाजूले व्हा सगळे! जाऊ द्या मोटर!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आई आत आहे आणि हा पोटचा पोरगा म्हणतो, सोडा! मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"ऐकू येत नाई काय बे! पळा! मरसान सगळे!"

कोणी हललं नाही. खालून फक्त दमलेले श्वास ऐकू येत होते. मग पुंजाजी नावाचा रिठदचा गाडीवान, सगळ्यात मागच्या कोपऱ्यात खांदा लावून उभा होता, तो दात दाबून म्हणाला, "बोंबलू नको किसन्या. बायाहो, नाडे आना! मांगच्या गाड्याइचे नाडे आना!"

नाडा म्हणजे मोटेचा किंवा गाडीवर भार बांधायचा जाड दोर. मागे जत्रेच्या बैलगाड्यांची रांग थांबलेली होती. पुढे गेलेल्या बायका लुगडी सावरत त्यांच्याकडे धावल्या, गाडीवानांच्या हातातून नाडे ओढून आणू लागल्या. तेव्हा कुठे माझे हात खाली आले. जोर लावायचा तर उंचावरून लावायला हवा, आणि ट्रकवर उंचावर एकच गोष्ट होती, ताडपत्रीच्या कमानी. शेंड्याला बांधलं तर त्या वाकतील, म्हणून मी उजव्या बाजूनं चढून त्यांच्या बुडाशी नाडे बांधले. बांधताना माझ्याच रिव्हेटांकडे बघत होतो. ते ठोकताना मी मनात कोणतं गाणं म्हणत होतो, कोणाशी बोलत होतो, एखादा ढिला राहिला असेल का, सगळं डोक्यातून गेलं. एक जरी सुटला असता तरी खालची माणसं वाचली नसती.

चढलो तेव्हा मला आत माय दिसली. ती बाजेवर नव्हती. त्या मोडक्या कमरेनं ती बाजेतून उतरून, वर आलेल्या उजव्या फळीपर्यंत घसटत आली होती आणि दोन्ही हातांनी कमान धरून तिला लोंबकळली होती. गाडी कलली की आत राहिलेल्यानं वजन वरच्या अंगाला न्यायचं, हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. तिचं वजन ते काय! वाळल्या काटकीइतकी बाई. डोळे मिटलेले, ओठ दातांखाली दाबलेले.

दरडीवर बैलजोड्या आणल्या. नाडे ताणले. गाडीवानांनी एकदम हाकारलं. कमानी करकरल्या, पण रिव्हेट धरून राहिले. मग उचललेलं चाक हळूहळू खाली आलं. धूळ उडवत जमिनीला टेकलं. माणसं एकेक करून खांदे काढून बाहेर आली. बैल नाडे धरून उभे असतानाच मायला उतरवून घेतलं. मग किसननं इंजिन चालू केलं, छोटा गिअर टाकला, चारी चाकांनी ढेकळं उडवत ट्रक पलीकडच्या चढावर जाऊन उभा राहिला.

मी पुंजाजीवर तुटून पडलो. भीतीचा राग झाला होता. "अक्कल हाय काय तुमाले? हे का बैलगाडं हाय खांदा लावायले? किती वजनाची मोटर हाय, मालूम हाय काय?"

पुंजाजी खांदा चोळत होता. कातडी सोलून निघाली होती. "मालूम हाय ना," तो म्हणाला. "गेल्या मोसमात जिनिंग फॅक्टरीत मोटरीवर कापूस भरत होतो मी. वजन का समजत नाई मले?"

"मंग काहून नाई पळाले? तो सोता मालक म्हने, पळा!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं.

"बुढी वरतं होती ना, मिस्त्री."

मी नाल्याच्या काठावर बसून राहिलो. ज्याला मी गावंढळ खोड समजत होतो, ती खोड उडी मारण्यापुरती होती. नंतर उभं राहणं ही खोड नव्हती.

ते आठ बोटांचे ठोकळे मी परत आल्यावर पहिल्या दिवशीच काढले. त्यांतला एक अजून माझ्या दारात आहे, त्यावर बसून मी चहा पितो. मागाहून पुष्कळ जण आले, आमचीही मोटर किसनभाऊसारखी उंच करून द्या म्हणत. मी दोन बोटांच्या वर कोणाला जाऊ दिलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल म्हणालो, आणि तुटलंही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. पोहरादेवीला पोचेपर्यंत किसन हौद्याकडे फिरकला नाही. ट्रक लावून दूर बाभळीखाली जाऊन बसला. त्यानं ओरडून जे म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कोणीच त्याचा उल्लेख करत नव्हतं. लोकांनी बाज उचलली, मायला मंदिराकडे न्यायला निघाले. माय म्हणाली, "थांबा. किसन्याले बलावा."

तो आला. मान खाली.

"मले तुह्या पाठीवर ने."

त्यानं तिला पाठीवर घेतलं. तिच्या मोडक्या कमरेला हिसका बसू नये म्हणून मी बाजूनं तिचा पाय धरून चाललो होतो, म्हणून मला ऐकू आलं. नाहीतर ते त्या दोघांचंच राहिलं असतं. भोवती जत्रेचा गलका, नारळ फुटण्याचे आवाज, आणि ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"तू 'सोडा' म्हनला."

किसन जागच्या जागी थांबला. त्याची मान ताठ झाली. मला वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार. मी मनात म्हणालो, बाई, आज नको, उद्या बोल.

"म्या ऐकलं," बुढी म्हणाली. "देवीले म्या इतकंच मांगलं होतं, माहं पोट्टं जित्तं येऊ दे. जित्तं तं आलं. पन त्या लढाईतून वापस कोन आलं, ते मले आजपर्यंत समजत नोतं. तू बोलतच नोता ना बापा." तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. "आज समजलं. दुसऱ्याइचे जीव वाचवाले तू मले बी सोडलं, म्हंजे माहाच किसन्या वापस आला. चाल आता. ओटी भरू."

किसन पायऱ्या चढायला लागला. डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला पुढचं दिसत नव्हतं. म्हणून मी एका हातात मायचा पाय धरला, दुसऱ्या हातानं त्याचं कोपर धरलं, आणि प्रत्येक पायरी त्याला तोंडानं सांगत गेलो.